पाय दाखवायला लाजू नकोस

अगं, काल रात्री फोनवर तू जे एका दमात सांगितलंस ना, ते सगळं मी फोन ठेवल्यावर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून काढलं. उपाशीपोटीची साखर १४८. ट्रायग्लिसराइड ६१२. सोनोग्राफीत यकृतावर चरबी. पाळी दोन-दोन महिने लांबते. मानेवर काळपट पट्टा, जो तुझ्या आईला मळ वाटतो आणि ती डाळीच्या पिठानं घासायला सांगते. वय ३१, उंची १५७ सेंटिमीटर, वजन ५६ किलो. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. सासूबाई म्हणाल्या, आता आणखी कुठून उतरवणार, काटकुळे पाय आधीच. आणि तू म्हणालीस, ताई, माझं मलाच कळेनासं झालंय.

बघ, आधी पाणी पी आणि मोबाइलवर आजारांची नावं शोधणं आजच्यापुरतं थांबव. तू घाबरलीयेस, पण तू ऑफिसातले महिनाअखेरचे हिशेब सांभाळणारी मुलगी आहेस. आकडे कसे वाचायचे हे तुला मी शिकवायला नको. फक्त इथे कोणता आकडा वाचायचा ते सांगते.

तुझा बीएमआय निघतो साधारण २२.७. आपल्या भारतीय लोकांसाठी २००९ साली तज्ज्ञांनी ठरवलेली जास्त वजनाची रेषा २३ पासून सुरू होते, म्हणजे तू अजून अलीकडेच आहेस. मग एवढी साखर कशी? खरं सांगू का, हा बीएमआय मुळात एका माणसाचं दुखणं ओळखायला काढलेलाच नाही. केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञानं १८३०च्या दशकात हजारो माणसांच्या मापांचा ताळा बसवताना तो हिशेब मांडला. वजन भागिले उंचीचा वर्ग. त्यात हाड किती, स्नायू किती, चरबी किती, आणि ती चरबी बसलीय कुठे, यातलं काहीच नाही.

आपल्या पुण्यात केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक हाच प्रश्न कित्येक वर्षं धरून बसले आहेत. त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघं शेजारी शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय २२.३. आणि तपासणीत युडकिन यांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. तराजू दोघांना सारखंच म्हणत होता! पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायकांचा अभ्यास केला, तेव्हा तिथली बाळं सरासरी २.७ किलोची होती आणि इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं हातापायांनी बारीक, स्नायू कमी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्यांनी त्या मानानं राखलेली. म्हणजे वरून बारीक आणि आतून चरबीदार ही आपली घडण जन्मापासूनच दिसते. म्हणून म्हणते, तुझ्याकडे बघून कुणी ‘बारीक माणसाला कसली आलीय शुगर’ असं म्हटलं तर मनाला लावून घेऊ नकोस, आणि विश्वासही ठेवू नकोस.

आता चरबी कुठे बसते याला एवढं महत्त्व का, ते आपल्या घरातलं उदाहरण घेऊन सांगते. वर्षाचं धान्य आलं, पोती भरून. कोठीची खोली असेल तर ती तिथे नीट राहतात, घराला त्रास नाही. मांड्या, कुल्हे, दंड या शरीराच्या कोठ्या आहेत गं. तिथली चरबी बायकांना नकोशी वाटते, पण ती तिथे असणं सोयीचं असतं. कोठीच नसली किंवा लहान असली, तर पोती कुठे ठेवणार? मग ती बैठकीत येतात, स्वयंपाकघरात येतात, जिन्यावर येतात. शरीरात ती यकृतात जातात, स्वादुपिंडाभोवती जातात, स्नायूंत शिरतात, आणि रक्तात ट्रायग्लिसराइड म्हणून फिरत राहतात. मग इन्शुलिन कितीही ओरडलं तरी पेशी ऐकत नाहीत. तुझ्या मानेवरचा काळा पट्टा त्या वाढलेल्या इन्शुलिनची खूण असू शकतो. तो मळ नाही. घासणं आजपासून बंद, आईला माझं नाव सांग.

तेव्हा आज एक काम कर. शिवणाच्या डब्यातली टेप काढ. आपण बायका कंबर मोजतो ती परकराच्या नाडीची रेघ जिथे उमटते तिथे, आणि ते चुकतं. मीही वर्षानुवर्षं तिथेच मोजली आणि स्वतःला दहा सेंटिमीटर कमी लेखत आले. बोटांनी चाचपून शेवटची बरगडी शोध, मग कुल्ह्याच्या हाडाची वरची कड शोध, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप लाव. आरशात बघून टेप मागे खाली घसरली नाही ना ते तपास. पोट आत ओढू नकोस, नेहमीसारखा श्वास सोड आणि आकडा वाच. दोनदा मोज. भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही सावध होण्याची रेषा आहे. आणखी सोपं म्हणजे, कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. तुझ्यासाठी साडेअठ्ठ्याहत्तर. मग कुल्ह्यांचं जिथे सर्वांत मोठं माप येतं तिथलं घे, आणि दोन्ही मांड्यांचं मध्यावरचं. वहीत तारीख घालून लिही. नवऱ्याचीही मोज बरं का, त्याचं पोट मला दिवाळीत दिसलं होतं.

बहुतेक वेळा एवढ्यावरच उलगडा होतो. आपली नेहमीची आतून चरबीदार घडण, बैठं काम, अपुरी झोप, आणि उपाय म्हणजे चालणं, स्नायू कमावणं, ताटातला भात कमी आणि उसळ जास्त. तुझंही तेवढंच असावं असं मला मनापासून वाटतं. पण काल तू एक वाक्य बोललीस ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. तू म्हणालीस, ‘ताई, माझे पाय शाळेत असताना बरे होते, पाळी सुरू झाल्यावर असे झाले. पोटऱ्यांवर शिरा दिसतात, खेळाडूसारख्या.’ हेच वाक्य मी आधी एकदा ऐकलंय, माझ्या धाकट्या जावेकडून. तेव्हा मी काय म्हटलं माहितीये? म्हटलं, नशीबवान आहेस, आमच्या मांड्या बघ.

तिची गोष्ट तुला पूर्ण कधी सांगितली नाही. लग्न होऊन आली तेव्हा गळ्याशी भरलेली, चेहरा गोल, हातपाय मात्र पिळदार. दोन वर्षांत साखर निघाली. गोळ्या वाढत गेल्या, साखर हटेना. मला वाटायचं, ही चोरून खाते. मी फराळाचे डबे वरच्या फळीवर ठेवायला लागले, तिच्यासमोर. ती काही बोलली नाही. एका श्रावणात रात्री पोटात असं दुखलं की ती जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली, पाठीपर्यंत कळा. दवाखान्यात रक्त काढलं, आणि तिथल्या मुलानं ती नळी उजेडात धरून आम्हाला दाखवली. थोड्या वेळानं त्यात वर पांढरा थर आला होता, दुधावर साय धरते तसा. ट्रायग्लिसराइड दीड हजाराच्या वर, स्वादुपिंडाला सूज. ड्यूटीवरच्या डॉक्टरनं तिला सर्वांसमोर तीनदा विचारलं, दारू किती घेता? चतुर्थीचा उपास धरलेली बाई ती. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

त्यानंतरही चार वर्षं गेली. एवढ्या डॉक्टरांनी तपासलं, पण प्रत्येकानं पोट बघितलं, नाडी बघितली, रिपोर्ट बघितले. साडीतल्या बाईच्या मांड्या कुणी बघितल्या नाहीत, आणि तिनंही कधी दाखवल्या नाहीत. शेवटी एका एंडोक्रायनॉलॉजिस्ट बाईंनी दार लोटलं, पडदा ओढला आणि म्हणाल्या, साडी गुडघ्याच्या वर घ्या. मांडीची कातडी चिमटीत धरली तर हाती नुसती कातडीच आली, खाली चरबी नव्हतीच. मग हात, मग मान. मग विचारलं, आई कशानं गेली? चाळिशीत, हृदयानं. तिलाही साखर होती? होती. तिचे पाय कसे होते? जावेनं एकदम मान वर केली. ‘असेच,’ म्हणाली. सगळी मिळून वीस मिनिटं लागली असतील.

त्या दुखण्याचं नाव फॅमिलियल पार्शल लिपोडिस्ट्रॉफी. नाव मोठं आहे, अर्थ एवढाच की, घराण्यात चालत आलेली, शरीराच्या काही भागांतली चरबी नाहीशी होणारी अवस्था. स्कॉटलंडमध्ये डनिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली तिचं वर्णन केलं, आणि तिच्या नेहमीच्या प्रकारामागचा एलएमएनए हा जनुक २००० साली सापडला. लहानपणी मूल इतरांसारखंच दिसतं. वयात येताना हातपाय आणि कुल्ह्यांवरची चरबी जाते, आणि चेहरा, हनुवटी, मान आणि पोटाच्या आत ती साठायला लागते. स्नायू उठून दिसतात, शिरा दिसतात. पुरुषांत हे लपून जातं, कारण त्यांचे हातपाय एरवीही तसेच असतात. म्हणून घराण्यातल्या पुरुषांची साखर आणि हार्ट अ‍ॅटॅक तेवढे लक्षात राहतात, त्यांमागचं कारण कुणी शोधत नाही. आजार दुर्मीळ आहे, फार दुर्मीळ. पण दुर्मीळ म्हणजे आपल्या ओळखीत नसणारच असं नाही, हे मी जावेकडून शिकले.

आता लगेच हेच आपल्याला झालंय असं धरून बसू नकोस. असंच दिसणारी दुसरीही कारणं आहेत. सर्वांत आधी स्टेरॉइड. सांधेदुखीच्या कागदात बांधलेल्या पुड्या, दम्याची बिननावाची औषधं, चेहरा उजळायचं मलम, यांत ते मिसळलेलं असू शकतं. त्यानं तोंड सुजल्यासारखं गोल होतं, मानेमागे उंचवटा येतो, हातपाय वाळतात. तू असलं काही घेत असशील तर मला आत्ताच सांग, आणि मनानं एकदम बंद करू नकोस, ते धोक्याचं असतं. शरीर स्वतःच कॉर्टिसॉल जास्त बनवत असेल तर तो कुशिंगचा आजार. त्यात जमिनीवरून उठताना मांड्यांत बळ राहत नाही, कुठे जरा लागलं तरी काळंनिळं होतं आणि पोटावर बोटाएवढे रुंद जांभळे पट्टे येतात. तुझे स्नायू तर दणकट आहेत, तरी डॉक्टर कदाचित रात्री ११ वाजता एक गोळी देऊन सकाळी ८ ला रक्त तपासतील. ती त्याचीच चाचणी, घाबरू नकोस. एचआयव्हीच्या काही जुन्या गोळ्यांनीही हातपायांची चरबी जाते.

आणि तुझ्या त्या मैत्रिणीला एक निरोप दे, जिचे पाय कमरेपासून घोट्यापर्यंत जड आहेत पण पावलं मात्र सडपातळ, दाबलं तर दुखतात, आणि उपास करून वरचं अंग तेवढं वाळतं. त्याला लिपेडिमा म्हणतात. मेयो क्लिनिकच्या दोन डॉक्टरांनी १९४० मध्ये त्याचं वर्णन केलंय, आणि तरी आजही अशा बाईला आळशी म्हणून घरी पाठवतात. तिनंही पाय दाखवायला हवेत.

मापायची यंत्रं विचारलीस ना? तुझ्या जिममध्ये अनवाणी उभं राहायचा जो काटा आहे, तो पायांतून बारीकसा विद्युतप्रवाह सोडतो आणि त्यावरून चरबीचा अंदाज बांधतो. तू पाणी किती प्यायलीस यावर त्याचा आकडा हलतो, आणि त्याचं गणित सर्वसाधारण शरीरांवर बेतलेलं असतं. तुझ्यासारख्या घडणीत त्याचा काहीच भरवसा नाही. कातडीची चिमूट मोजायचा चिमटा असतो, कॅलिपर, तो साधा आहे पण हात सरावाचा हवा. बाईच्या मांडीच्या पुढच्या बाजूची चिमूट २२ मिलिमीटरच्या खाली भरली तर जाणकार डॉक्टर लिपोडिस्ट्रॉफीचा विचार करतात.

खरी कामाची तपासणी म्हणजे डेक्सा. नाव ऐकून काकूंच्या हाडांची तपासणी आठवेल तुला, यंत्र तेच. पण चिठ्ठीवर संपूर्ण शरीराच्या चरबीच्या वाटपाची असं स्पष्ट लिहून घे, नाहीतर फक्त कुल्ह्याचं आणि मणक्याचं हाड मोजून पाठवतील. जावेचं तसंच झालं, पैसे दोनदा गेले. बांगड्या, मंगळसूत्र, सेफ्टी पिना सगळं काढून सरळ झोपायचं, वरून हात फिरवल्यासारखं यंत्र जातं, दहा-एक मिनिटं. किरण छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. गरोदर असण्याची शंका असेल तर मात्र आधी सांगायचं. त्यात धड, हात, पाय यांची चरबी वेगवेगळी येते. धडाची टक्केवारी पायांच्या टक्केवारीनं भाग. उत्तर साधारण १.२ च्या वर गेलं तर तो कागद घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जायचं. जावेच्या रिपोर्टवर तिच्या शरीराचं चित्र होतं, धड उजळ आणि पाय जणू कुणी खोडरबरानं पुसलेत. ती ते चित्र कितीतरी वेळ हातात धरून बसली. मग म्हणाली, ‘वहिनी, मी खोटं बोलत नव्हते.’ मी तिची माफी मागितली गं, पण चार दिवस उशिरानं. त्याच संध्याकाळी मागायला हवी होती. पोटाच्या आतली आणि यकृतातली चरबी बघायची तर एमआरआय सर्वांत चांगला, पण तो महाग आहे आणि प्रत्येकीला लागत नाही.

डॉक्टरांकडे जायच्या आधी एक फाइल लाव. तुझा बारा वर्षांचा असतानाचा फ्रॉकमधला फोटो, कॉलेजच्या सहलीतला, आणि हळदीचा. पाय दिसणारे. रिपोर्ट तारखेनं लाव, नुकताच वर. एका कागदावर आईकडचे आणि वडिलांकडचे नातेवाईक, कुणाला कोणत्या वयात साखर, कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास, कुणाला पोटातली ती भयंकर कळ. मामांना फोन कर, बायकांच्या आजारांचं पुरुष विसरतात म्हणून मामींना आधी. घेतेस ती सगळी औषधं लिही, काढे, पुड्या, क्रीमसकट. आणि तिथे बसल्यावर हे वाक्य म्हण: ‘वयात आल्यापासून माझ्या हातापायांवर चरबी नाही, आणि ट्रायग्लिसराइड सहाशेच्या वर आहेत. हे चरबीचं वाटप नेहमीचं आहे का, बघाल का?’ एवढंच. चांगला डॉक्टर यावर रागावत नाही. रागावला तर दुसरा बघू. जनुकाची तपासणी ते सुचवतील तेव्हाच करायची, आणि ती कोरी आली तरी आजार नाहीच असं ठरत नाही, हेही लक्षात ठेव.

समज, निघालंच तर? हे मुळापासून बरं करणारं औषध आज नाही, तुला खोटं सांगणार नाही. पण हाताळता येतं, आणि लवकर कळलं तर पुष्कळच. साखर, मैदा, तळण आणि तूप यांवर ताबा, दारूला अजिबात हात नाही, रोजचा व्यायाम, साखरेच्या आणि ट्रायग्लिसराइडच्या गोळ्या, यकृत आणि हृदयाची दरवर्षी तपासणी. जाऊ आज पंचेचाळिशीची आहे, शाळेत शिकवते, तिचे ट्रायग्लिसराइड २०० च्या आसपास असतात. एक मात्र नीट ऐक. पाळी नियमित करायला कुणी इस्ट्रोजेनच्या गोळ्या लिहून दिल्या असतील तर डॉक्टरांना तुझा ६१२ चा आकडा दाखवल्याशिवाय सुरू करू नकोस, त्यांनी ट्रायग्लिसराइड आणखी वर जातात. आणि कधीही पोटात पाठीपर्यंत जाणारी कळ, उलट्या, असं झालं तर आलं-लिंबू करत बसायचं नाही, सरळ रुग्णालयात. रात्रीचे दोन वाजले असतील तरी मला उठव.

मुलांचं तू विचारलं नाहीस, पण मनात आहे हे मला कळलं. मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी असते. जावेच्या दोन मुलींपैकी मोठीला आहे, आणि बाराव्या वर्षीच कळल्यामुळे तिची साखर अजून वाढलेली नाही.

डॉक्टरांची वेळ मिळाली की तारीख कळव, मी रजा टाकून येते आणि बाहेर बाकावर बसते. त्या दिवशी ती घट्ट लेगिंग नको घालूस. गुडघ्यावर सहज सरकेल अशी सैल सलवार घाल.